चिठ्ठी कोणाच्या हातून?

९ मे, गुरुवार

नवं घर लाभलं नाही. रेडिओचं ध्वनिभांडार काल दुपारी पुएर्तो मोंतच्या सर्व्हरांवर हलवलं, आणि आज सकाळपासून ते कुणालाच उघडत नाहीये. नऊ वर्षं हेच सगळं स्टुडिओच्या मागच्या खोलीत, बटाट्याच्या पोत्यांशेजारी ठेवलेल्या एका जुनाट यंत्रावर बिनबोभाट चाललं होतं. पण मंडळाला हौस! एक यंत्र बंद पडलं तर दुसरं हवं, आणि दोघांच्या पुढे लोड बॅलन्सर हवा. म्हणजे दारावरचा दरवान. लोक त्याच्याकडे येणार, आणि आतल्या दोघांपैकी जो मोकळा असेल त्याच्याकडे तो त्यांना पाठवणार. झालं, दरवान आला आणि दार बंद झालं.

ब्राउझर म्हणतो, 'या पानाने तुम्हाला फार वेळा दुसरीकडे पाठवलं.' कुकीज पुसून बघा, असंही वर सुचवतो. पुसल्या. दुसऱ्या ब्राउझरवर पाहिलं, फोनवर पाहिलं. तेच. पुएर्तो मोंतच्या मारिसेल ओयार्सूनला फोन केला. सर्व्हर तिच्या कंपनीकडे असतात आणि दरवानही तीच सांभाळते.

"दोन्या इरिस, आमच्या बाजूनं सगळं हिरवं आहे."

"तुझ्याकडे हिरवं असेल बाई, इथे काळंनिळं झालंय," म्हटलं आणि फोन ठेवला. उगाच तोडून बोलले.

१० मे, शुक्रवार

घोडं कुठे पेंड खातंय ते निदान कळलं. माझा प्रोग्रॅम येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, कुलपाच्या रस्त्यानं आलात का? नाही? मग मागे जा आणि कुलूपवाल्या पत्त्यानं या. हे मीच लिहिलंय, आणि चांगलं आहे. वाटेत कुणी ऐकू नये, बदलू नये, म्हणून ते कुलूप. आता गंमत अशी की माणूस बिचारा कुलपाच्याच रस्त्यानं येतोय. पण कुलूप उघडतो दरवान, आणि तिथून आत साध्या पायवाटेनं पाठवतो. प्रोग्रॅमला दिसते नुसती पायवाट. तो म्हणतो, मागे जा. माणूस मागे जातो, परत कुलपातून येतो, दरवान परत पायवाटेवर सोडतो. वीस फेऱ्या झाल्या की ब्राउझर हात टेकतो.

म्हणजे चूक दरवानाची. मारिसेलला तसं कळवलं.

११ मे, शनिवार

समुद्रापलीकडून नाही, डोंगरापलीकडून मेल आली. अर्जेंटिनातल्या कोमोदोरोहून, यानिना कार्कामो नावाच्या मुलीची. जशीच्या तशी उतरवून ठेवते:

"माझे वडील आपियाओ बेटावरचे. १९८८ मध्ये इकडे तेलविहिरींच्या कामावर आले, ते परत गेलेच नाहीत. त्यांचा एक कान आधीच गेला आहे. दुसऱ्या कानात आत गाठ आहे. २८ तारखेला शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, ऐकू येणं मात्र जाईल. त्याआधी त्यांना त्यांच्या आईचा आवाज ऐकायचा आहे. आजी तुमच्या रेडिओवर स्वतः येऊन त्यांच्यासाठी निरोप द्यायची असं चुलत भावानं सांगितलं. इतक्या लांब तो रेडिओ कधी धड लागला नाही, बाबांनी ते ऐकलेलं नाही. तुमचं पान उघडत नाही. काय करू?"

दोनदा वाचलं. वडिलांचं नाव लिहिलेलं नाही. मीही विचारलं नाही. आपियाओवर दगड उचलला तर खाली एक कार्कामो निघतो, नाव विचारून काय करायचं?

१२ मे, रविवार

पाऊस. चुलीवर बटाट्याच्या मिलकाओ पोळ्या भाजल्या आणि दिवसभर जुन्या दिवसांत बसून राहिले.

तेव्हा बेटांवर फोन कुठे होता! आचाओत आमचा रेडिओ, आणि दुपारी बाराचे निरोप. 'आलाओच्या सिल्वेरियासाठी, भाऊ दवाखान्यातून सुटला, शनिवारी होडी पाठव.' 'लिन लिनच्या फेर्मिनसाठी, डुकरीण विकली, पीठ घेऊन येतोय, रागावू नकोस.' बारा वाजले की बेटांवर कामं थांबायची, नांगर थांबायचे. ज्याचा निरोप त्यानं ऐकायचाच, आणि बाकीच्यांनी तर आधी ऐकायचा! अख्ख्या खाडीला अख्ख्या खाडीची खबर. मायेस्त्रो सोफानोर बार्रीया वाचायचे, आणि मी बाविशीची पोरगी, टेबलावर चिठ्ठ्या घ्यायची, टाइप करायची आणि यंत्राची बटणं फिरवायची. एवढी मजा परत कशातच आली नाही. लग्नातसुद्धा नाही.

कुणाला स्वतःच बोलायचं असलं तर मायेस्त्रो माइक देत. ते मात्र टेपवर ठेवायचे. "वाचलेलं माझं, बोललेलं त्यांचं. त्यांचं पुसायचं नाही," असं म्हणत. तेच हे भांडार. सहा हजारांवर तुकडे, त्यातले आपियाओचे सातशे चाळीस, आणि बऱ्याच टेपांवर तारीख नाही, माणसाचं नाव नाही, नुसतं बेटाचं.

आवाज ओळखणार कोण? मी तर नाहीच. हजारो बायका आल्या नि गेल्या, कुणाचा आवाज लक्षात राहणार? आपियाओची एक दोन्या एदेलमिरा कार्कामो होती, तपकिरी शाल, माइकला ओठ चिकटवून बोलायची, कुणाच्या कानात सांगितल्यासारखं. मला बटण उतरवावं लागायचं. ती असेल किंवा नसेल.

१३ मे, सोमवार

यानिनाला विचारलं शेवटी. वडिलांचं नाव एरास्मो.

१५ मे, बुधवार

काल लिहिलं नाही. काम केलं. प्रोग्रॅममधला 'मागे जा' हा हुकूमच काढून टाकला. पान उघडलं! टाळ्या वाजवल्या मी एकटीनं. मग एका निरोपावर बोट ठेवलं तर आवाज नाही. कारण प्रोग्रॅम अजून स्वतःला पायवाटेवरच समजतो, म्हणून आवाजांचे पत्तेही बिनकुलपाचे छापतो, आणि कुलूपवाल्या पानावर बिनकुलपाचा आवाज वाजवायला ब्राउझर नकार देतो. पान आहे, नावं आहेत, आणि सगळे मुके. त्यापेक्षा बंद बरं होतं. हुकूम परत बसवला.

मारिसेलला म्हटलं, नंबर देते, तेवढे तुकडे तुझ्या कोठारातून काढून यानिनाला पाठव. टेपांच्या यादीच्या वहीतून अंदाजानं बारा नंबर दिले. उत्तर आलं, यातली एकही आजी नाही. मारिसेल म्हणाली, "दोन्या इरिस, वही तुमच्याकडे आहे, तुम्ही तिथे होतात. तुम्हीच का नाही ऐकून शोधत? यानिनाला मेलनं सातशे जाणार नाहीत, तुम्हाला मात्र सगळे काढून देते मी."

तिला काय कळतंय? टेप म्हणजे काय असतं ते तरी बघितलंय का तिनं? मी म्हटलं, तू आधी तुझा दरवान नीट कर.

१६ मे, गुरुवार

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय.

मार्च ८८. होडीवाल्या लुचोनं बेटांवरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर टाकला, तसा रोज टाकायचा. टेबल तेव्हा रेडिओच्या दारातल्या दुकानात असायचं, तिथली गर्दी, येणारा-जाणारा टेबलाशी टेकून गप्पा मारतोय. मी गठ्ठा उचलला आणि टाइप केला. त्यात एक होती: 'आपियाओच्या एरास्मो कार्कामोसाठी. नोल्फा गुरुवारच्या होडीनं कायमची येतेय. दोन घोडे घेऊन धक्क्यावर थांब.' मायेस्त्रोंनी ती वाचली. बाराला, सहाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

नोल्फानं ती लिहिलीच नव्हती. कास्त्रोच्या मासळी कारखान्यातली मुलगी, एका सणात त्याच्याबरोबर नाचली होती, तेवढंच. कुणीतरी टेबलाशी उभ्या उभ्या ती गठ्ठ्यात सरकवली. कोण, ते कधी कळलं नाही. आणि निरोप अख्ख्या बेटानं ऐकलेला. सगळं आपियाओ धक्क्यावर जमलं. आईनं मेंढा कापला. इस्त्रीचा सदरा, दोन घोडे, एक खोगीर तर मागून आणलेलं. होडीतून पिठाची पोती उतरली, एक शिवणयंत्र उतरलं. हसू आधी मागून सुरू झालं म्हणतात. तो पुढच्या होडीपर्यंत तिथेच थांबला. दोन आठवड्यांत बेट सोडून गेला.

त्यानंतर मी नियम केला. प्रत्येक चिठ्ठी कोणाच्या हातून आली ते सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. लोक वैतागले. मला नावच पडलं, 'बाई कोणाच्या हातून'. पडू दे.

१७ मे, शुक्रवार

आज तर कहर. मारिसेलनं काहीतरी कडक केलं आणि दोन्ही सर्व्हर आजारी म्हणून बाहेर काढले गेले! दरवान दर दहा सेकंदांनी आत डोकावून विचारतो, बरे आहात ना? साध्या पायवाटेनंच विचारतो. माझा प्रोग्रॅम त्यालाही सांगतो, मागे जा, कुलपातून ये. दरवान म्हणतो, धड उत्तर नाही, हा गेला कामातून. फोनवर मारिसेल हसायला लागली. मलाही हसू आलं. कपाळावर हात मारला दोघींनी, इकडे मी, तिकडे ती.

मग ती सावकाश म्हणाली, "पण एक सांगू का, रागावू नका. आमचा दरवान प्रत्येक माणसासोबत आत चिठ्ठी पाठवतो, 'हा कुलपाच्या रस्त्यानं आलाय' अशी. सगळीकडे असंच चालतं. तुमचा प्रोग्रॅम ती वाचत का नाही?"

"मला नाही मिळत तुझ्या चिठ्ठ्या."

"मिळतात. आमच्याकडे नोंद आहे."

"मग वाटेत पडत असतील," म्हटलं. अकरा दिवस उरले.

२१ मे, मंगळवार

यानिनाचा फोन. वडिलांना आता समोरच्याचे ओठ बघून समजून घ्यावं लागतं. म्हणाली, "ते विचारतात, रेडिओवाल्या बाई काय म्हणाल्या?" चालू आहे म्हटलं काम.

२३ मे, गुरुवार

सापडलं. तोंडात मारल्यासारखं झालं. प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला, नऊ वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ. बाहेरून येणारी असली प्रत्येक चिठ्ठी न वाचता फेकून द्यायची. शेजारी माझ्याच हातची टीप: 'चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मानू नये. कोणीही काहीही लिहू शकतं. इरिस.'

चूक म्हणता येणार नाही. खरंच कोणीही लिहू शकतं. उद्या एखादा लबाड पायवाटेनं येईल आणि कुलपातून आलो म्हणून स्वतःच चिठ्ठी चिकटवेल. मारिसेल म्हणते ओळ काढून टाका. मी नाही काढणार. पुन्हा नाही.

२४ मे, शुक्रवार

सकाळी टेकडीवर मायेस्त्रोंकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले, पण आवाज अजून तसाच, घर भरून जातं. शेगडीशी बसवलं, माते चहा हातात दिला. सगळं सांगितलं, दरवान, पायवाट, चिठ्ठी, आणि ती ओळ. त्यांना समजेल असं वाटलं नव्हतं.

"पोरी, तुझा नियम काय होता?" म्हणाले.

"कोणाच्या हातून ते विचारायचं."

"विचारायचं. मग? लुचोच्या हातून आली असली तर घ्यायचीस ना?"

"हो. त्यानं स्वतः माझ्या हातात दिली असेल तर."

"मग यात कुठे लिहिलंय तुझ्या लुचोचं नाव? तू तर सगळ्यांच्याच फेकायला लागलीस. हा नियम नव्हे बाई, हा रुसवा झाला. नवा दरवान आलाय तर विचार ना त्याला, तू कोण, कुठला. एकदा तोंडओळख करून घे, आणि त्याच्या हातून येईल तेवढंच मान. बाकीचं जाळ चुलीत."

मी माते तसाच हातात धरून बसले. अहो, खरंच की! नऊ वर्षं घरात एकच यंत्र होतं, मध्ये कुणी नव्हतंच, म्हणून फेकल्यानं काही बिघडलं नाही. आता मध्ये माणूस आहे आणि मी त्याची ओळखच घातली नाही.

निघताना म्हणाले, "आणि ते एरास्मोचं... तू टाइप केलंस गं. वाचलं मी. तीनदा. आवाज माझा होता." मग शेगडीत उगाचच लाकूड सारत राहिले, पेटलेली असताना. मला बरं वाटावं म्हणून बोलले असतील. नेहमीच असे सांभाळून घेतात.

२५ मे, शनिवार

उघडलं!

मारिसेल सुट्टीच्या दिवशी बसली माझ्याबरोबर. दरवानाचे दोन पत्ते दिले तिनं, मी ते प्रोग्रॅमला शिकवले: या दोघांच्या हातून आलेली चिठ्ठी मान, दुसऱ्या कुणाचीही नाही. तिनं तिकडे दरवानाला सांगितलं की बाहेरच्यानं स्वतः चिकटवलेली चिठ्ठी दारातच फाडायची आणि स्वतःची लावायची. 'बरे आहात ना' विचारणाऱ्याला मी एक वेगळं पान दिलं, त्याला मागे जा म्हणायचं नाही. दोन्ही सर्व्हर चालू केले. पान एका फेरीत आलं. एका निरोपावर बोट ठेवलं आणि चाउलिनेकचा कुणीतरी म्हातारा खोलीत बोलायला लागला, वासरू हरवलंय, पांढऱ्या कपाळाचं.

रडले मी. मारिसेल फोनवर होती, तिला ऐकू गेलं. "दोन्या इरिस, सगळं हिरवं ना?" म्हणाली. हिरवंगार, म्हटलं. यानिनाला लगेच कळवलं.

२६ मे, रविवार

यानिना सांगते, वडील न्याहारीपासून कानात घालून बसलेत. आवाज पूर्ण चढवलेला, तरी शब्द अर्धेच पोचतात. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओळखतात, हसतात, एकदा टेबलावर मूठ आपटली, "हा तर चोरटा सिप्रियानो!" दोनशे झाले. आई अजून नाही.

मी दिवसभर फोन जवळ ठेवला. आईचा आवाज सापडल्यावर एरास्मोशी एकदा बोलायचं ठरवलंय. वाक्य पाठ केलंय: मी इरिस, ती चिठ्ठी मी न विचारता घेतली, मला क्षमा करा. लहान आहे, आणि मोठ्यानं म्हणता येईल. मंगळवारनंतर त्याला ते ऐकू येणार नाही.

२७ मे, सोमवार

दुपारी तीनला यानिनाचा मेसेज, नुसता नंबर. ४११८. वहीत पाहिलं. ८९ सालचा खोका. मी पाठवलेल्या त्या बारांत ८९ मधला एकही नव्हता. का घातला नाही, मला ठाऊक नाही.

मी पण लावला. ती एदेलमिराच. ओठ माइकला चिकटलेले.

"एरास्मो, मी आई. घोडे विकले नाहीत. राखाडीला शिंगरू झालंय, पाय लांब आहेत. बटाटा यंदा बरा. इथे आता कुणी हसत नाही, हसत होते त्यांच्या घरी जाऊन मी बोलून आले. तू जेवत जा. यायचं तर ये, नाही तर जिथे आहेस तिथे नीट राहा, मला दोन्ही चालतं. पुरे आता, मागे माणसं खोळंबलीत."

मग मागून माझा आवाज. केवढा कोवळा! "दोन्या एदेलमिरा, निरोप कोणाच्या हातून लिहू?" आणि ती: "कोणाच्या हातून काय गं बाई? मी समोर उभी आहे ना!" कुणीतरी हसतं, आणि टेप संपते.

फोन लावला. यानिनानं उचलला, नाक ओढत होती. मी म्हटलं, "वडिलांना दे. मला एकच वाक्य बोलायचंय, कानाशी धर फक्त."

"दोन्या इरिस, ते नाही घेणार. रागावू नका. चार वेळा ऐकलं त्यांनी. मग ते कानातलं काढलं आणि त्या कानात कापूस घातला, वरून टोपी ओढली. पाटीवर लिहून दाखवलं आम्हाला, आता उद्यापर्यंत कुणी माझ्याशी बोलू नका. हाच शेवटचा राहू दे." मग म्हणाली, "फारच महत्त्वाचं असेल तर... मी कापूस काढायला सांगू का?"

एकतीस वर्षांचं वाक्य माझ्या ओठांवर होतं.

"नको," म्हटलं. "काही नाही एवढं. राहू दे."